रेड अलर्ट आला, पण पाऊस कुठं गेला? हवामानाचा अंदाज नेमका कसा वाचायचा, वाचा सविस्तर

पणदरे (ता. बारामती) : आभाळ भरून येतं, वारं सुटतं आणि मोबाईलवर एकामागून एक मेसेज येऊन पडतात. 'पुढचे 48 तास धोक्याचे', 'पुणे जिल्ह्याला अलर्ट'. मग कांदा झाकायची धावपळ होते, खताचा डोस पुढं ढकलला जातो, मजूर परत पाठवले जातात. आणि रात्री चार थेंब पडून चांदण्या दिसायला लागतात. कधी नेमकं उलटं होतं. कुणी काही बोललेलं नसतं आणि पहाटेपर्यंत बांध फुटून जातात.

अशा वेळी 'हवामानवाले काहीबी सांगतात' म्हणून आपण मोकळे होतो. पण बऱ्याचदा अंदाज चुकलेला नसतो, तो आपल्या गावासाठी नसतो किंवा आपण तो अर्धाच वाचलेला असतो. म्हणून ही माहिती.

2025 सालची दोन उदाहरणं

मे 2025 मध्ये 'शक्ती' नावाचं चक्रीवादळ येणार अशी चर्चा मोबाईलवर जोरात होती. प्रत्यक्षात त्या वेळी चक्रीवादळ तयारच झालं नाही. अरबी समुद्रात जी प्रणाली तयार झाली ती चक्रीवादळाच्या खालच्या पायरीवर राहिली आणि 24 मे रोजी रत्नागिरी ते दापोली दरम्यान किनारा ओलांडून जमिनीवर आली. तिला नाव नव्हतं. पण त्याच दिवसांत मॉन्सूनही मुदतीआधी येऊन धडकला आणि बारामतीत 24 तासांत 83.2 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पिंपळी-लिमटेक इथं निरा डावा कालवा फुटला, पाणी शेतात आणि रस्त्यावर आलं, घरांची पडझड झाली, एनडीआरएफचं पथक बोलवावं लागलं.

नंतर ऑक्टोबर 2025 मध्ये खरंखुरं 'शक्ती' चक्रीवादळ अरबी समुद्रात तयार झालं. कोकण किनाऱ्याला इशारे गेले. पण ते वादळ पश्चिमेला खोल समुद्रात सरकत गेलं आणि तिथंच कमजोर झालं.

म्हणजे नाव नसलेल्यानं कालवा फोडला आणि नाव असलेलं समुद्रातच विरलं. कारण साधं आहे. नाव वाऱ्याच्या वेगाला मिळतं, पावसाला नाही. वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरला पोहोचला की चक्रीवादळ म्हणतात आणि नाव देतात. त्याखाली कमी दाबाच्या क्षेत्राच्या पायऱ्या असतात. पाऊस मात्र कुठल्याही पायरीवर जोरात पडू शकतो.

समुद्र लांब आहे म्हणून आपण सुटलो, असंही नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये बंगालच्या उपसागरातली प्रणाली आंध्रात काकीनाड्याजवळ जमिनीवर आली आणि तेलंगण, कर्नाटकमार्गे थेट आपल्याकडं सरकली. 14 ऑक्टोबरला सोलापूर, इंदापूर, बारामती भागात जोरदार पाऊस झाला. इंदापूर तालुक्यात निमगाव केतकी परिसरात लोकांना पाण्यातून बाहेर काढावं लागलं होतं.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे काय?

अंदाजात हा शब्द आपण वाचून सोडून देतो, पण सगळी मेख इथंच आहे. हवामान विभाग एका भागातल्या किती केंद्रांवर पाऊस पडेल ते या शब्दांत सांगतो.

- तुरळक ठिकाणी : 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर
- काही ठिकाणी : 26 ते 50 टक्के
- अनेक ठिकाणी : 51 ते 75 टक्के
- बहुतांश ठिकाणी : 76 टक्क्यांच्या पुढं

'तुरळक ठिकाणी मुसळधार' असं लिहिलं असेल तर शंभरातल्या 75 किंवा त्याहून जास्त केंद्रांवर मुसळधार होणार नाही, असाच त्याचा अर्थ आहे. पावसानं माळेगावला झोडपलं आणि पणदऱ्यात रस्ताही भिजला नाही, तरी तो अंदाज बरोबरच ठरतो. मे 2025 च्या त्याच पावसात बारामतीत 83.2 मिलिमीटर पडला, तेव्हा इंदापूरची नोंद 35.7 मिलिमीटर होती. वळवाच्या पावसात तर शिवेच्या अलीकडं पलीकडं फरक पडतो, हे जुन्या माणसांना सांगायला नको.

रंगांचा अर्थ

- हिरवा : इशारा नाही
- येलो : लक्ष ठेवा, ताजी माहिती घेत राहा
- ऑरेंज : तयारीत राहा
- रेड : आता हालचाल करा

रंग फक्त पावसाच्या आकड्यावरून ठरत नाही. विजा, वादळी वारा, गारपीट यांचाही येलो किंवा ऑरेंज अलर्ट असतो. म्हणून रंगाखालची ओळ वाचल्याशिवाय मेसेज पुढं पाठवू नका.

'पुणे' वेगळं, 'पुणे घाट' वेगळं

ही गोष्ट सगळ्यात जास्त फसवते. हवामान विभागाच्या तक्त्यात पुणे जिल्ह्याच्या दोन ओळी असतात. एक 'पुणे', दुसरी 'पुणे घाट'. जुलै-ऑगस्टमध्ये जे रेड आणि ऑरेंज अलर्ट गाजतात ते बहुतेक वेळा घाटासाठी असतात. भोर, राजगड (वेल्हे), मुळशी, मावळ हा तो भाग. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहोत. आपल्याकडं वर्षाचा सगळा पाऊस मिळून 500 मिलिमीटरच्या आसपास. घाटात तेवढा काही दिवसांत पडून जातो.

पण म्हणून घाटाची ओळ सोडून द्यायची नाही. आपल्या कालव्याचं पाणी तिथंच पडतं. भाटघर, निरा देवघर, गुंजवणी ही धरणं त्या पावसावर भरतात आणि वीर धरणातून निरा डाव्या कालव्याला पाणी सुटतं. 'पुणे' ओळ बघायची पिकासाठी, 'पुणे घाट' ओळ बघायची आवर्तनासाठी आणि नदीसाठी. निरेकाठच्या शेतकऱ्यांनी तर घाटात रेड अलर्ट असला की वीरचा विसर्ग किती क्युसेक झाला ते बघून मोटारी वर घ्याव्यात. इथं ऊन पडलेलं असतानाही नदीला पूर येतो.

कऱ्हेचंही तसंच. सप्टेंबर 2019 मध्ये पुरंदरला पाऊस झाला, नाझरे धरणातून मोठा विसर्ग सुटला आणि बारामतीत कऱ्हाकाठच्या लोकांना घरं सोडावी लागली.

किती मिलिमीटर म्हणजे किती पाऊस?

नोंद सकाळी 8.30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8.30 अशी 24 तासांची धरतात.

- हलका : 2.5 ते 15.5 मिमी
- मध्यम : 15.6 ते 64.4 मिमी
- जोरदार : 64.5 ते 115.5 मिमी
- अति जोरदार : 115.6 ते 204.4 मिमी
- त्याच्या पुढं : अत्यंत जोरदार

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर साधारण 4 हजार लिटर पाणी. 83.2 मिमी म्हणजे एकरी 3 लाख 36 हजार लिटरच्या वर.

घरीही मोजता येतं. तोंड आणि बूड सारखं असलेला सरळ उभा डबा झाड आणि छपरापासून लांब मोकळ्यावर ठेवा. सकाळी साडेआठला आत पट्टी घाला. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 10 मिमी पाऊस. वहीत तारीख टाकून लिहीत जा. दोन-तीन वर्षांत तुमच्या शेताचा हिशेब तुमच्याकडं तयार होतो.

पेरणीची घाई नको

'मॉन्सून दाखल' ही बातमी म्हणजे पेरणीची परवानगी नाही. 2025 मध्ये मॉन्सून केरळात 24 मे रोजी आणि मुंबई-पुण्यात 26 मे रोजी पोहोचला, पण त्यानंतर जूनच्या मध्यापर्यंत त्याची पुढची वाटचाल थांबलेली होती. 2023 मध्ये 'बिपरजॉय' वादळाच्या काळात मॉन्सून रखडला, मुंबईत 25 जूनला आला. त्या वर्षी राज्य सरकारनं दुष्काळ जाहीर केलेल्या 40 तालुक्यांत बारामती आणि इंदापूर दोन्ही होते.

75 ते 100 मिमी पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय पेरू नये, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. बागायतदाराला कालवा आणि विहिरीचा आधार असतो. सुपे, मोरगावकडच्या जिरायती पट्ट्यात मात्र बाजरीची दुबार पेरणी म्हणजे बियाणं आणि मशागतीचा खर्च दुसऱ्यांदा खिशातून जातो.

रोहिणीनं किती पडलं, मृगाचं वाहन काय, हे घरात बोललं जातंच, त्याला कुणाची ना नाही. नक्षत्र हंगाम सांगतं. आज औषध मारायचं की नाही हे मात्र त्या दिवसाचा अंदाजच सांगतो.

मोबाईलवर काय बघायचं?

- मौसम ॲप : हवामान विभागाचा अंदाज आणि इशारे
- मेघदूत ॲप : पिकानुसार सल्ला
- दामिनी ॲप : आसपास वीज कुठं पडतेय ते कळतं
- सचेत ॲप : आपत्तीचे सरकारी इशारे

चार-पाच दिवसांचा अंदाज नियोजनासाठी धरा, उद्याचा अंदाज कामासाठी आणि पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज जिवासाठी. जितकं लांबचं भाकीत तितकं कच्चं. व्हॉट्सॲपवर मेसेज आला तर आधी त्यातली तारीख बघा. गेल्या वर्षीचा मेसेज यंदा पुन्हा फिरतो.

विजा चमकत असतील तर

दुपारनंतर ढग काळे होऊन गडगडाट ऐकू आला की काम सोडून पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. विहिरीवरची मोटार, तारेचं कुंपण, विजेचा खांब यांच्यापासून लांब राहा. जनावरं झाडाला बांधू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. मदतीसाठी 112 किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 नंबर लावा.

नुकसान झालं तर

महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात आणि पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सरकारी मदतीसाठी ते पात्र ठरतं. नोंद मंडळातल्या केंद्राची धरली जाते, आपल्या डब्याची नाही. म्हणून केंद्रावर कमी आणि शेतात जास्त पडला असेल तर लगेच फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना लेखी कळवा, पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा. घरची वही नियमानं चालत नसली तरी आपलं म्हणणं मांडताना हाताशी राहते.

पुढच्या वेळी अलर्ट आला की एवढंच बघा : ओळ पुण्याची की घाटाची, शब्द 'तुरळक' की 'बहुतांश', आणि तारीख आजची आहे का. मग कांदा झाकायचा की नाही ते ठरवा. शंका असेल तर मात्र झाकाच. ताडपत्री घातली नि पाऊस नाही आला, तर गेली फक्त तासाभराची मेहनत.