अणुक्रमांक आणि अणुवस्तुमान यांतील फरक

आवर्तसारणीत लोखंडाच्या चौकटीत २६ आणि ५५.८५ अशा दोन संख्या आढळतात. पहिली पूर्णांकी आहे, दुसरी अपूर्णांकी. पहिली मोजून मिळते, दुसरी तोलून.

अणूच्या केंद्रकातील प्रोटॉनची संख्या म्हणजे अणुक्रमांक होय. शालेय पुस्तकांत त्यालाच अणुअंक म्हणतात. मूलद्रव्याची ओळख या संख्येनेच ठरते. २६ प्रोटॉन असलेला अणू लोखंडाचाच असतो. त्यात एकाची भर पडली, की तो कोबाल्टचा होतो.

अणुवस्तुमानात प्रोटॉनबरोबर न्यूट्रॉनचाही वाटा असतो. इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या सुमारे १८३६ पट हलका असल्याने त्याचा भार नगण्य ठरतो. कार्बन-१२ या अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग हे १९६१ पासून मोजमापाचे एकक मानले जाते. मात्र एकाच मूलद्रव्याच्या सर्व अणूंत न्यूट्रॉन सारखे नसतात. अशा भिन्न भाराच्या अणूंना समस्थानिके म्हणतात. निसर्गातील क्लोरीनमध्ये सुमारे ७६ टक्के अणू वस्तुमानांक ३५ चे, तर उरलेले ३७ चे असतात. सारणीतील ३५.४५ ही त्यांची सरासरी आहे. तेवढ्या भाराचा क्लोरीनचा एकही अणू अस्तित्वात नाही.

हा भेद प्रारंभी ज्ञात नव्हता. १८६९ मध्ये रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी सारणी रचली ती मुख्यतः अणुभाराच्या चढत्या क्रमाने. परंतु टेल्युरियम (१२७.६०) आयोडीनपेक्षा (१२६.९०) जड असूनही गुणधर्म पाहता त्याला आयोडीनच्या आधीच ठेवावे लागले. टेल्युरियमचा भार मोजण्यात चूक झाली असावी, असा मेंडेलीव्ह यांचा तर्क होता. तो चुकीचा ठरला, स्थान मात्र अचूक ठरले.

उलगडा केला तो हेन्री मोझली या तरुण ब्रिटिश शास्त्रज्ञाने. १९१३-१४ मध्ये निरनिराळ्या मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या वारंवारता त्याने मोजल्या. त्यांचे वर्गमूळ दर मूलद्रव्यागणिक समान अंतराने वाढत होते. म्हणजेच सारणीतील क्रमांक ही निव्वळ सोय नसून केंद्रकावरील विद्युतभाराचे ते माप होते. ४३, ६१ आणि ७५ या रिकाम्या जागाही त्याने दाखविल्या. पुढे त्या भरल्या गेल्या. मोझली स्वतः १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणभूमीवर वयाच्या २७ व्या वर्षी मारला गेला. न्यूट्रॉनचा शोध चॅडविक यांनी लावला तो त्यानंतर, १९३२ मध्ये.

अरगॉन (१८) हा पोटॅशियमपेक्षा (१९) जड का, याचे उत्तर तर अधिकच रंजक आहे. पृथ्वीच्या खडकांतील किरणोत्सारी पोटॅशियम-४० चा काही अंश क्षय पावून अरगॉन-४० बनतो. आपल्या हवेतील जवळजवळ सर्व अरगॉन याच मार्गाने आला आहे, म्हणून त्याचे सरासरी वस्तुमान ३९.९५ भरते.

रासायनिक गुणधर्म अणुक्रमांकावर अवलंबून असल्याने समस्थानिके रासायनिक क्रियेने वेगळी करणे अतिशय कठीण असते. युरेनियमचा अणुक्रमांक ९२. त्यातील सहज विखंडन पावणारे युरेनियम-२३५ निसर्गात जेमतेम ०.७ टक्के आहे; उरलेले जवळजवळ सर्व २३८. दोहोंच्या वस्तुमानात फरक सव्वा टक्क्याचा. तेवढ्याच आधारावर त्यांना विलग करावे लागते आणि म्हणूनच समृद्ध युरेनियम महाग व राजकीयदृष्ट्या संवेदनशील ठरते. तारापूर येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अशा इंधनासाठी बांधल्या होत्या. तेथील तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीत मात्र नैसर्गिक युरेनियम वापरले जाते. ते शक्य होते जड पाण्यामुळे; त्यातील हायड्रोजनचा अणुक्रमांक नेहमीप्रमाणे १ च असतो, वस्तुमानांक मात्र २.