नाव पैठणचे, माग येवल्याचे

जालना जिल्ह्यातील शहागडला गोदावरीचे जे पाणी दिसते ते वरून, पैठणहून आलेले असते. पैठणचे नाव एका वस्त्रामुळे घरोघर पोचले आहे. आज मात्र पैठणीचे मोठे केंद्र पैठण नसून नाशिक जिल्ह्यातील येवला आहे. नाव राहिले आणि माग हलले, असे का व्हावे?

आधी पुरावा पाहू. पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वर्णनात ते भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. पण त्यात पैठणहून मौल्यवान खडे जात आणि कापड तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, जाई असे लिहिले आहे. त्यामुळे केवळ या नोंदीवरून पैठणीला दोन हजार वर्षांची म्हणता येत नाही. पुढे पेशवे आणि निजाम यांचा तिला आश्रय मिळाला. येवल्यात रघोजी नाईक यांनी विणकर आणून वसवले, असे तिथली परंपरा सांगते.

असेच उत्तर फ्रान्समधील व्हॅलेन्सियेन या गावाचे झाले. सतराव्या-अठराव्या शतकांत तिथल्या स्त्रिया उशीवर टाचण्या टोचून, लाकडी कांड्यांवरचे लिननचे बारीक धागे एकमेकांत गुंफून लेस करीत. नक्षी आणि तिच्याभोवतीची जाळी त्याच धाग्यांची, एकाच वेळी होई. 1734 मध्ये जवळच्या आंझँ येथे कोळसा सापडला आणि पुढे हा परिसर खाणी-कारखान्यांचा झाला. 1789 च्या राज्यक्रांतीनंतर लेसचे सरदारी गिऱ्हाईक गेले. ही कला बेल्जियममध्ये टिकली, आणि पुढे यंत्रावरची लेसही त्याच नावाने विकली जाऊ लागली.

पैठणीतही नक्षी वरून भरलेली नसते. पदरावरच्या मोराचा हिरवा रेशमी धागा मोराच्या कडेपर्यंतच जातो, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. जितके रंगांचे तुकडे, तितक्या लहान कांड्या. म्हणून पदर उलटसुलट सारखा दिसतो. फ्रान्समधील लियों येथील जाकार्ड याने 1804 मध्ये पुढे आणलेल्या यंत्रणेत छिद्रे पाडलेले पुठ्ठे उभे धागे उचलतात. नक्षीचे आडवे धागे मात्र बहुधा पूर्ण रुंदीभर जातात आणि मागच्या बाजूस लोंबत राहतात किंवा कापले जातात. प्रत्येक रंग जागच्या जागी वळवण्याचे काम हाताचे. त्यासाठी लागणारे महिने हीच पैठणीची किंमत.

2010 मध्ये पैठणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यात पैठण आणि येवला ही दोन्ही गावे आहेत. हे योग्यच झाले, कारण कला मातीत नसते, ती शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या हातांत असते. नक्कल पैठणीच्या नावाने खपली, तर हातांची मजुरी बुडते आणि पुढची पिढी मागावर बसत नाही.

वर्गात एक प्रयोग करता येईल. विद्यार्थ्यांनी घरातल्या जरीच्या साड्यांचे पदर उलटून पाहावेत आणि धागे कुठे वळतात, कुठे लोंबतात याची नोंद करावी. इतिहासाचा काही पुरावा ग्रंथांत असतो, काही कापडाच्या उलट्या बाजूला.