एकोणिसावा क्रमांक

यवतमाळहून समुद्र फार दूर आहे. आमच्या जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा आणि पैनगंगा या नद्यादेखील कोकणाकडे पाठ फिरवून पूर्वेला जातात. त्यामुळे आमचा एक माजी विद्यार्थी कोकणात किनाऱ्यालगतच्या पायवाटांवरची दीर्घ पल्ल्याची शर्यत धावून परतला, तेव्हा वाळू, कातळ आणि भरती-ओहोटीचे त्याने केलेले वर्णन आम्ही काहीशा अप्रूपानेच ऐकले. निघताना त्याने विचारले, "सर, आपली माणसं पूर्वी कधी अशी धावत होती का?"

धावत होती, परंतु शर्यत म्हणून नव्हे. पेशवेकालीन पत्रांतून 'जासूदजोडी' रवाना केल्याचे उल्लेख वारंवार येतात. पुढे इंग्रजी अमलात घुंगरू लावलेला भाला खांद्यावर टाकून डाकेचे हरकारे टप्प्याटप्प्याने धावत राहिले. हे धावणे चाकरीचे होते. पत्र वेळेवर पोचले की काम संपले. पायांचा हिशेब कोणी मांडला नाही. धावण्याला पराक्रमाची प्रतिष्ठा मिळण्यासाठी आखलेले अंतर, घड्याळ आणि निकालपत्रक या तीन गोष्टी लागतात. त्या आपल्याकडे उशिरा आल्या.

त्या कशा आल्या याची एक साक्ष उपलब्ध आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने पहिल्या महायुद्धानंतर भरवलेल्या क्रीडास्पर्धांचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांनी भूषवले होते. त्याविषयी त्यांनी १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांना सविस्तर पत्र लिहिले. मैदान लहान व ओबडधोबड गवताचे, धावणारे बहुतेक शेतकऱ्यांची मुले, पायांत काही नाही, नियमांची ओळख नाही. आणि तरीही त्यांतील काहींच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास जाणाऱ्या. या दर्शनातूनच हिंदुस्थानचा संघ १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठवण्याची कल्पना आकाराला आली.

अँटवर्पची मॅरेथॉन २२ ऑगस्ट १९२० रोजी झाली. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या प्रमाणित अंतराहून अर्धा किलोमीटर अधिक. हवा पावसाळी आणि गार होती. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पोचले. क्रमांक एकोणिसावा. त्यांच्याबरोबर उतरलेले सदाशिव दातार शर्यत पूर्ण करू शकले नाहीत.

आपल्या क्रीडेतिहासाच्या लोकप्रिय कथनात १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांना स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. चौगुल्यांना मात्र बहुधा एखादी ओळ मिळते, दातारांना तीही क्वचित. पदकाच्या मापाने मोजायचे ठरवले तर एकोणिसावा क्रमांक आणि अपुरी राहिलेली शर्यत यांत फरक उरत नाही. परंतु विजेत्याहून केवळ १८ मिनिटांनी मागे असणे, तेही परक्या हवेत, परक्या रस्त्यावर आणि ज्या क्रीडापद्धतीची इथे नुकती तोंडओळख होत होती तिच्या सर्वोच्च स्पर्धेत, ही गोष्ट क्षुल्लक कशी मानावी? आणि अर्ध्यावर थांबलेल्या माणसानेही आपल्याकडून त्या वाटेवर पहिले पाऊल टाकलेच होते.

दोराबजींच्या साक्षीत आम्हांला आणखी एक गोष्ट खुणावते. अनवाणी पाय आणि खडबडीत जमीन ही त्यांना साहजिकच उणीव वाटली. प्रामाणिक स्पर्धेसाठी सर्वांना सारखे आणि नीट मैदान हवे, हा त्यांचा आग्रह रास्त होता. शंभर वर्षांनी चक्र असे फिरले आहे की शहरातला माणूस प्रवेशशुल्क भरून, खास बूट घालून, मुद्दाम खडबडीत पायवाट शोधत किनाऱ्यावर जातो. एके काळचे दारिद्र्याचे लक्षण आता हौसेचे झाले. यात थट्टा करण्यासारखे काही नाही. हौस म्हणून धावता येणे हा माणसाचा एक मोठा विजय आहे; प्रश्न फक्त तो कोणाच्या वाट्याला येतो, हा आहे.

यवतमाळात पहाटे आर्णी रस्त्याने गेले की मुले-मुली धावताना दिसतात. बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची. त्यांची नजर पोलीस भरतीवर किंवा सैन्यभरतीवर असते. मुलांच्या डोक्यात १६०० मीटर आणि काही मिनिटे एवढेच गणित. त्यांचे धावणे अजून हरकाऱ्याच्याच जातीचे आहे: पोटासाठीचे. भरती झाली की ते थांबते, न झाली तर निराशेने थांबते. यांच्यात एखादा चौगुले असेल, तर त्याला बेचाळीस किलोमीटर धावून पाहण्याची सवड कधी मिळणार?

त्या माजी विद्यार्थ्याला आम्ही चौगुल्यांची आणि दातारांची हकीकत सांगितली. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मीही भरतीसाठीच धावायला लागलो होतो." त्या शर्यतीत त्याचा क्रमांक कितवा आला, हे विचारायचे आमच्याकडून राहूनच गेले.