जाहीर

ग्रामपंचायतीच्या फलकावर सभेची ‘जाहीर सूचना’ लागते. हा ‘जाहीर’ आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. मूळ अरबी ‘ज़ाहिर’. अर्थ उघड, डोळ्यांना दिसणारे. भर दुपारच्या नमाजाचे ‘जुहर’ हे नाव याच कुळातले. ‘जाहीर’ला फारसी ‘नामा’ म्हणजे पत्र जोडले की जाहीरनामा होतो. ‘जाहिरात’ही त्याच घरची. म्हणजे केवळ सांगणे पुरेसे नाही, ते दिसले पाहिजे, हे ‘जाहीर’ या शब्दातच आहे.

कायद्याचा आग्रहही तोच. 73व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. महाराष्ट्राच्या 1958च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार सभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. ही माणसे जमायची तर सभेची तारीख, वेळ, जागा आणि विषय त्यांना आधी कळायला हवेत. पूर्वी त्यासाठी दवंडी पिटली जाई. बंद कपाटात राहिलेल्या किंवा सभा उरकल्यावर चिकटवलेल्या कागदाला ‘जाहीर’ म्हणणे हा शब्दाचाही अपमान आणि गावाचाही. पुढच्या वेळी फलकाजवळून जाताना थांबा, सूचना वाचा आणि ग्रामसभेला जा.