नकाराकडून नगराकडे

चळवळींच्या इतिहासात घोषणा लक्षात राहते आणि ती देणारी संघटना विस्मरणात जाते, असा अनुभव आम्हाला वारंवार येतो. ‘सायमन गो बॅक’ शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ‘बॉम्बे यूथ लीग’ मात्र अभ्यासकांनाही चटकन आठवत नाही.

1927 च्या अखेरीस सायमन आयोग जाहीर झाला. त्यात एकही भारतीय नव्हता. या अवमानाला उत्तर म्हणून युसुफ मेहेरअली या चोवीस वर्षांच्या तरुणाने 1928 मध्ये मुंबईत लीग उभारली. 3 फेब्रुवारीला आयोग मुंबईत उतरला तेव्हा त्याच्यासमोर काळे झेंडे होते. ही घोषणा मेहेरअलींची मानली जाते. साहित्याचे विद्यार्थी म्हणून आम्हाला तिचे व्याकरण महत्त्वाचे वाटते. तोवर राज्यकर्त्यांच्या भाषेत बहुधा अर्ज-विनंत्याच लिहिल्या जात. येथे त्याच भाषेत आज्ञार्थ उच्चारला गेला.

परंतु लीगचे खरे फळ पुढे दिसले. मेहेरअलींना वकिलीची सनद नाकारली गेली, तुरुंगवास घडला आणि 1942 मध्ये, अडतिसाव्या वर्षी, ते मुंबईचे महापौर झाले. ‘परत जा’ म्हणणाऱ्या तरुणाने आता शहराचे पाणी, दिवाबत्ती आणि आरोग्य यांची जबाबदारी पत्करली. त्याच वर्षीच्या ‘क्विट इंडिया’ या शब्दांचे जनकत्वही त्यांच्याकडेच दिले जाते. नकार आणि नगरकार्य हे त्यांच्या लेखी परस्परविरोधी नव्हते. 1950 मध्ये, अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांचे नाव आज नवी मुंबईच्या वेशीलगत नांदते आहे. डॉ. जी. जी. परीख आणि सहकाऱ्यांनी 1961 मध्ये स्थापिलेल्या युसुफ मेहेरअली सेंटरने पनवेल तालुक्यातील तारा येथे आरोग्य, शिक्षण आणि ग्रामोद्योगांचे काम उभे केले. तेथून जवळच असलेल्या नवी मुंबईत 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलामुलींना आपला नगरसेवक निवडण्याची संधीच मिळाली नाही आणि त्याविरुद्ध एखादी घोषणा जनमानसात रुजल्याचेही आम्हाला आठवत नाही.

तरुणांच्या नेतृत्वाची शिबिरे भरतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. लीगचा धडा मात्र निराळा आहे : नेतृत्व अन्यायाला नाव देण्यापासून सुरू होते आणि वस्तीतल्या नळापर्यंत पोहोचले तरच ते टिकते. घोषणा पाठ करणे सोपे. तिचा उत्तरार्ध जगणे, हे आम्हां सर्वांचेच राहून गेलेले काम आहे.