टपालाच्या वेळापत्रकावरची सफर

ट्रॉन्हाइमहून हॅमरफेस्टला धाडलेले पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी पोचायचे. हिवाळ्यात त्याला पाच महिनेही लागत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर नॉर्वेचा कारभार असा चालत होता. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, फ्योर्डांनी किनारा चिरलेला, सलग रस्ता नाही, रेल्वे तर नाहीच. तरी या किनाऱ्यावर हजारो माणसे राहत होती आणि त्यांची मासळी दक्षिण युरोपपर्यंत जात होती. जगभरचे पर्यटक आज ज्या किनारी सफरीसाठी महिनोन् महिने आधी केबिन राखून ठेवतात, ती हुर्टिगरुटेनची बोटसेवा या रखडलेल्या टपालापोटी सुरू झाली.

सरकारचे आगबोट-सल्लागार आउगुस्ट क्रिग्समान ग्रान यांनी १८९१ मध्ये ट्रॉन्हाइम ते हॅमरफेस्ट अशी जलद, बारमाही सेवा सुचवली. त्या वेळच्या दोन बड्या कंपन्यांनी कानावर हात ठेवले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. हॅमरफेस्टला हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य क्षितिजावर येत नाही. ट्रॉन्हाइमच्या उत्तरेला सगळी मिळून २८ दीपगृहे, सागरी नकाशे अपुरे, आणि वाट खडकांच्या मधून. अशा पाण्यात काळोखात बोट हाकारायची तर विमा कोण उतरवणार?

स्टोकमार्कनेस या छोट्या गावच्या रिचर्ड विथ या कप्तानाने मात्र होकार दिला. त्याची १८८१ साली काढलेली कंपनी लहानशी होती, पण तिच्याजवळ एक मोलाची वस्तू होती: वह्या. विथ आणि त्याचा वाटाड्या आंडर्स होल्टे यांनी वर्षानुवर्षे प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवली होती. कुठून निघालो, होकायंत्राची दिशा कोणती, वेग किती, किती मिनिटांनी वळायचे. डोळ्यांना काही दिसत नसले तरी घड्याळ आणि होकायंत्र यांच्या भरवशावर बोट नेता येते, हे त्यांनी आधीच करून पाहिले होते. १८ मे १८९३ रोजी सरकारशी करार झाला. २ जुलैला ‘वेस्टरोलेन’ ही आगबोट ट्रॉन्हाइमहून निघाली आणि वाटेत नऊ बंदरे घेत ६७ तासांनी हॅमरफेस्टला लागली. कित्येक आठवड्यांचे टपाल आता दिवसांच्या हिशेबात आले. मग नाही म्हणणाऱ्या दोन्ही कंपन्याही या मार्गावर उतरल्या. १८९८ मध्ये सेवा दक्षिणेला बेर्गेनपर्यंत लांबली, १९१४ मध्ये रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत. आज ३४ बंदरे, जाऊन-येऊन सुमारे २,५०० सागरी मैल.

विथ धंद्यात मुरलेला माणूस होता. डेकवर निव्वळ हौसेने उभे राहणारे प्रवासी त्याच्या नजरेतून सुटले नाहीत. उत्तर टोकाचे आकर्षण जुनेच. नॉर्वे-स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर १८७३ मध्ये नॉर्डकाप या कड्यावर जाऊन आला, थॉमस कुक या सहल कंपनीची पहिली तुकडी १८७५ मध्ये पोचली, आणि सयामचा राजा चुलालोंगकोर्न १९०७ मध्ये तिथल्या दगडावर आपली खूण कोरून गेला. ३०७ मीटर उंचीच्या त्या कड्यावर तेव्हा रस्ता नव्हता. पायथ्याच्या होर्नविका या खाडीत होडीतून उतरायचे आणि तिथून छातीवर येणारा चढ पायी चढायचा, राजा असो की रंक. मध्यरात्रीचा सूर्य बघायचा तर एवढी दमछाक सोसावी लागे. विथने तर १८९६ मध्ये त्याही पलीकडे, स्पिट्सबर्गेनपर्यंत उन्हाळी फेरी काढली आणि तिथे हॉटेलही उभारले. होन्निंग्सवोग या जवळच्या बंदरापासून नॉर्डकापपर्यंत मोटाररस्ता झाला तो १९५६ मध्ये. किनाऱ्यावरच्या सहलींचे आजचे रूप आले ते त्यानंतर.

या सहलींची खरी गंमत त्यांच्या वेळापत्रकात आहे. बोट प्रवाशांसाठी थांबत नाही. मालाची चढउतार झाली की ती धक्का सोडते. त्यामुळे बऱ्याच सहली एका बंदराला उतरून पुढच्या बंदराला बोट गाठण्याच्या हिशेबाने बसवल्या आहेत. दक्षिणेकडे परतताना सकाळी हार्स्टाडला उतरलेले प्रवासी ट्रोन्डेनेसचे मध्ययुगीन दगडी चर्च बघतात, मग बसने बेटे ओलांडत सोर्टलँडकडे येतात. तेवढ्यात बोट रिसोयच्या अरुंद कालव्यातून वाट काढत असते. हा कालवा समुद्राच्या तळाची वाळू उपसून खोदला गेला. त्यासाठी विथने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता, आणि १९२२ मध्ये राजा सातवा होकोन याच्या हस्ते तो खुला झाला. सोर्टलँडच्या पुलावर बस आणि पुलाखाली बोट अशी गाठ पडते. बोट भोंगा देते, बसमधले हात हलवतात, आणि थोड्याच वेळात सगळे पुन्हा एका जेवणघरात बसलेले असतात. उन्हाळ्यात एक सहल तर न्याहारीचीच असते: पहाटे होन्निंग्सवोगला उतरायचे, नॉर्डकापच्या कड्यावर न्याहारी करायची आणि हॅमरफेस्टला बोट पकडायची.

हॅमरफेस्टमध्ये जुनी घरे शोधणाऱ्याला मात्र काही सापडत नाही. १९४४ च्या शरदात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने फिनमार्क हा सारा प्रांत जाळून टाकला. हॅमरफेस्टमध्ये दफनभूमीतले छोटे प्रार्थनाघर तेवढे उभे राहिले, होन्निंग्सवोगमध्ये चर्च. बाकी जे दिसते ते १९४५ नंतरचे. बोटींनीही युद्धाची किंमत मोजली. कप्तानाच्या नावाची ‘रिचर्ड विथ’ ही बोट १३ सप्टेंबर १९४१ रोजी ब्रिटिश पाणबुडीने बुडवली आणि सुमारे शंभर माणसे गेली. पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, सोव्हिएत पाणबुडीने ‘वेस्टरोलेन’ बुडवली. ४८ वर्षांपूर्वी या मार्गाचा नारळ फोडणारीच ती बोट. दोन्ही पाणबुड्या मित्रराष्ट्रांच्या, आणि बुडालेल्या बोटींवर साधे नॉर्वेजियन प्रवासी. केबिनच्या खिडकीतून निळे-हिरवे पाणी बघताना हे ठाऊक असायला हवे.

जेवणाच्या टेबलावर या किनाऱ्याचा इतिहास अधिक सुखाने भेटतो. लोफोटेन बेटांवर जानेवारी ते एप्रिल कॉड माशाचा हंगाम. वर्सोवा-अर्नाळ्याला बोंबील वलांडीवर सुकतात, तसे इथे कॉड लाकडी मांडवांवर टांगतात; शेपट्या दोरीने बांधून जोडीजोडीने, मिठाचा कण न लावता. फेब्रुवारी ते मे हवा शून्याच्या आसपास खेळते. मासा गोठून फुटत नाही, सडतही नाही, नुसता वाऱ्याने लाकडासारखा कडक होतो. १४३२ मध्ये व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरिनी रोस्ट बेटावर वाहून आला, कोळ्यांच्या घरी राहिला आणि परत जाऊन त्याने या माशाची हकिकत लिहिली. इटलीत आजही या सुक्या कॉडला उत्तम भाव मिळतो, तर वाळवलेली डोकी नायजेरियात रश्श्यासाठी जातात. क्रिस्टियानसुंडला पद्धत वेगळी: मीठ लावून पूर्वी खडकांवर वाळवलेला कॉड, आणि त्याचे टोमॅटो-बटाटे घालून केलेले ‘बाकालाओ’. अलीकडे बोटींवरच्या पाकशाळेने ज्या बंदराला जे पिकते वा सापडते ते तिथेच चढवायचे धोरण धरले आहे. पर्यटकांच्या टेबलावर जगभर तीच तीच पक्वान्ने मांडण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे. उत्तर ध्रुववृत्त ओलांडताना मानेवर बर्फाचे पाणी आणि परतताना चमचाभर कॉड लिव्हर ऑइल, हा विधीही नॉर्वेजियन लोक मनापासून पार पाडतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रस्ते आले, विमानतळ आले, टपाल आकाशातून जाऊ लागले. सेवा बंद पडायची लक्षणे दिसत होती. ती टिकली याची कारणे दोन: सरकारने पैसा देणे थांबवले नाही, आणि १९९३ पासून आलेल्या नव्या, मोठ्या बोटींनी पर्यटकांना सोयी दिल्या. २०११ च्या जूनमध्ये नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने बेर्गेन ते किर्केनेस हा प्रवास सलग १३४ तास थेट दाखवला. गावोगावचे लोक धक्क्यांवर झेंडे घेऊन उभे राहिले, आणि सुमारे पन्नास लाखांच्या त्या देशात निम्म्याहून अधिक लोकांनी तो कार्यक्रम कधी ना कधी पाहिला. २०२१ पासून हा मार्ग दोन कंपन्यांत वाटला गेला आहे: सात बोटी हुर्टिगरुटेनच्या, चार हाविलाच्या.

स्थानिक माणूस आजही दोन बंदरांपुरते तिकीट काढून चढतो, आणि खालच्या डेकवरून मासळीच्या पेट्या उतरतात. हा किनारा पुरता बघायचा असेल तर जाणाऱ्याने एक करावे: किर्केनेसहून विमानाने परतू नये. जाताना जी बंदरे झोपेत निघून जातात ती येताना दिवसाउजेडी लागतात, असे हे वेळापत्रक बेतलेले आहे. एकाच बाजूचे तिकीट काढणाऱ्याचा अर्धा किनारा बघायचा राहून जातो.