मिनामाताचे मांजर

जपानच्या क्यूशू बेटावरील मिनामाता येथे १९५३-५४ च्या सुमारास कोळ्यांची मांजरे वेड्यासारखी नाचत मरू लागली. मग माणसांची पाळी आली. हात थरथरत, दृष्टी आकुंचे, वाचा अडखळे. कित्येक घरी आई धडधाकट राही आणि मूल मात्र पंगू जन्मास येई. १ मे १९५६ रोजी चिस्सो कारखान्याच्याच रुग्णालयातून या अज्ञात व्याधीची वर्दी सरकारी आरोग्य कचेरीस गेली.

१९३२ पासून हा कारखाना ॲसिटाल्डिहाइड करताना पारा वापरी व सांडपाणी समुद्रात सोडी. त्यातील सेंद्रिय पारा लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जाई. मासा ताजा दिसे, चवीलाही उत्तम लागे. घात होता तो तेथेच!

१९५९ साली कुमामोतो विद्यापीठाने पाऱ्याकडे बोट दाखविले. त्याच वर्षी कारखान्याच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी तेथील सांडपाणी अन्नात कालवून एका मांजरास चारले. चारशे क्रमांकाच्या त्या मांजरासही तेच आचके आले. चालकांनी हा निष्कर्ष दडपला. होसोकावाही, दुर्दैवाने, गप्प राहिले. पारा समुद्रात जाणे थांबण्यास १९६८ साल उजाडले. १९७० मध्ये कर्करोगाने अंथरुणास खिळलेल्या होसोकावांनी अखेर साक्ष दिली. १९७३ साली न्यायालयाने रुग्णांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा ते हयात नव्हते.